'फक्त' कोणाचा?

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे थेट नाही. आज एका शब्दाबद्दल लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की विषय आपल्या सगळ्यांच्या सातबाऱ्यापर्यंत जातो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून मोबाईलवर एक यादी फिरतेय. 'हे शब्द मराठी नाहीत, आजपासून वापरू नका' अशा मथळ्याची. माझ्याकडे ती तीन वेगवेगळ्या गटांतून आली. यादीत 'फक्त' हा शब्द वरच्या चार-पाचांत आहे, आणि त्यासमोर पर्याय दिलाय 'मात्र' किंवा 'केवळ'. एका मित्राने विचारलं, "तू पेपरवाला माणूस, खरं सांग, फक्त हा शब्द आपला की त्यांचा?" मी म्हणालो, बघून सांगतो. बघता बघता महिना गेला. जे सापडलं ते इथे मांडतो.

सुरुवात बँकेपासून करू, कारण 'फक्त' हा शब्द आपण सगळ्यात जपून तिथेच लिहितो. चेकवर आकडा टाकला की खाली अक्षरी लिहायचं, 'रुपये पाच हजार फक्त'. इंग्रजीत लिहिलं तर 'ओन्ली'. हिंदीत 'मात्र'. हे कशासाठी, तर 'पाच हजार'च्या पुढे कोणी 'पाचशे' जोडू नये म्हणून. शब्द म्हणजे कुंपण. आकड्याच्या मागे आपण जी तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारतो, '५०००/-', तीही त्याच कामाची. ती इंग्रजांची. त्यांच्याकडे शिलिंग आणि पेन्स असत, पाच शिलिंग आणि पेन्स शून्य असेल तर ५ च्या पुढे रेघ मारून मोकळे. शिलिंग गेले, इंग्रज गेले, रेघ आपल्याकडे राहिली.

कायद्याने 'फक्त' लिहिणं सक्तीचं नाही बरं का. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर खरं धरतात. म्हणूनच अक्षरी रकमेला शेवट हवा. तो शेवट म्हणजे 'फक्त'.

आता बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, की चेकवरचा 'फक्त' हा 'ओन्ली'चा मराठी अनुवाद असेल. इंग्रजांनी बँका आणल्या, आपण त्यांच्या शब्दाला आपला शब्द लावला. तसं नाहीये. 'फक्त'चं हे काम बँकांपेक्षा खूप जुनं आहे. पण आधी 'ओन्ली'चं बघू, कारण तिथेही गंमत आहे.

'ओन्ली' हा जुन्या इंग्रजीत 'आनलिच' असा होता. 'आन' म्हणजे एक. 'लिच' म्हणजे देह, रूप. मिळून 'एकाच्या रूपाचा', आपल्या भाषेत 'एकट्यासारखा'. हे 'लिच' झिजत झिजत 'ली' झालं आणि इंग्रजीतल्या शेकडो क्रियाविशेषणांच्या शेवटी चिकटलं. स्लोली, क्विकली, डेली, या सगळ्यांच्या शेपटाला मुळात 'देह' हा शब्द आहे. शाळेत आम्हाला 'एल वाय लावा, क्रियाविशेषण झालं' एवढंच शिकवलं होतं.

आणखी एक. 'वन'चा उच्चार आपण 'व'ने करतो, पण 'ओन्ली'त 'व' नाही. 'अलोन' मध्येही नाही. 'अलोन' म्हणजे 'ऑल वन', पूर्ण एकटा. पूर्वी 'एक'चा इंग्रजी उच्चार 'ओन'च्या जवळचा होता. पुढे एकट्या उभ्या असलेल्या 'वन'ला 'व' चिकटला, पण 'ओन्ली' आणि 'अलोन' यांनी जुना उच्चार धरून ठेवला. जसं आपल्याकडे शहरात उच्चार बदलतो आणि आजी मात्र जुनाच बोलते.

हा इंग्रजी 'वन', लॅटिनचा 'ऊनुस', फारसीचा 'यक' आणि आपला 'एक' हे सगळे एकाच जुन्या मुळाचे आहेत. मूळ एक, प्रत्येकाने शेपूट वेगळं लावलं. म्हणजे 'ओन्ली' आपला लांबचा चुलतभाऊ निघाला. आणि ज्याला आपण रोज घरातला समजतो तो 'फक्त' या कुळातला नाहीच. तो अरबी आहे, आणि अरबी भाषेचं कुळच वेगळं.

अरबीत तो 'फ़क़त'. त्यात दोन तुकडे. 'फ' म्हणजे 'तर', 'मग'. 'क़त' म्हणजे 'पुरे'. मिळून 'तर पुरे', 'एवढ्यावर थांबा'. अरबी कोशात हा 'क़त' ज्या धातूखाली येतो, त्याच धातूचा दुसरा अर्थ आहे आडवं कापणं. बोरूच्या टोकाला शेवटी जो आडवा काप देतात, त्यालाही उर्दू-फारसी लेखनकलेत 'क़त'च म्हणतात. त्या कापावर अक्षराची जाडी ठरते.

अरबीतून हा शब्द फारसीत आला, फारसीतून कचेरीच्या भाषेत. आणि तिथे त्याला नेमकं काम मिळालं. पत्र संपलं की शेवटी 'फ़क़त', मग खाली सही. रक्कम लिहिली की शेवटी 'फ़क़त'. उर्दू दस्तऐवजांत तर याहून पक्का बंदोबस्त असे. रक्कम लिहायची, लगेच तिची निम्मी रक्कमही लिहायची. चारशे रुपये, ज्याचे निम्मे दोनशे होतात. म्हणजे कोणी चारशेचे चौदाशे केले तर निम्मे जुळणार नाहीत. त्याकाळचे कारकून काय डोक्याचे होते बघा.

हा शब्द आपल्या गावात कसा आला याचं उत्तर आपल्या गावाच्या इतिहासातच आहे. बहमनी राज्यापासून दख्खनच्या दरबाराची भाषा फारसी. पण गावचा हिशोब, वसुली, कुलकर्ण्याचं दप्तर हे मराठी माणसाच्या हातात. फारसी येणारा वरिष्ठ आणि मराठी येणारा कारकून एकाच बैठकीवर. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने तर सोळाव्या शतकात हिशोबाचं दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणलं. निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० मध्ये आपलं हे शहर वसवलं, तेव्हा नाव खडकी होतं. त्याच्या महसूल व्यवस्थेचा गाडाही गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांवरच चालायचा. दोन भाषा रोज एका कागदावर येत होत्या. एकीतला शब्द दुसरीत सांडणारच.

शिवाजी महाराजांना हे दिसत होतं. राज्याभिषेकानंतर त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेला हा कोश. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. हे फार मोठं काम होतं आणि त्याचा परिणामही झाला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढे जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवलं की शिवकाळाच्या आधीच्या कागदांत फारसीचा जो भरणा होता तो नंतर झपाट्याने उतरला.

आणि शेवटाचं कुंपण? तेही महाराजांच्या कागदावर आहे. पत्राच्या शेवटी जी छोटी मुद्रा उठवत ती आठवा. 'मर्यादेयं विराजते'. ही इथे मर्यादा शोभते आहे, म्हणजे मजकूर इथे संपला, याच्या खालचं आमचं नाही. काम तेच, जे 'फ़क़त' करत होता. मुद्रेतली भाषा संस्कृत आणि ती उठवण्याच्या क्रियेचं नाव 'मोर्तब', हा अरबी 'मुरत्तब'वरून आलेला शब्द. 'शिक्कामोर्तब' आपण आजही म्हणतो. एकाच कागदाच्या तळाशी दोन्ही भाषा शेजारी बसल्यात आणि कागद स्वराज्याचा आहे.

आता मुद्द्याचं. राज्यव्यवहारकोशाच्या वर्गांची नावं बघितली तर लक्षात येतं की भर नामांवर आहे. पदं, हत्यारं, कोठारं, किल्ल्याचे भाग, बाजारातल्या वस्तू. नाम बदलणं सोपं असतं. सरकारने हुकूम काढला की 'तारीख'चं 'दिनांक' होतं, पाटी बदलली की काम झालं. पण क्रियाविशेषण पाटीवर नसतं. ते बोलण्याच्या सांध्यात बसलेलं असतं. भाषांचा अभ्यास करणारेही सांगतात की परक्या भाषेतून नामं पटकन येतात, पण 'फक्त', 'शिवाय', 'बरोबर' असले जोडकामाचे शब्द येतात तेव्हा समजावं की दोन भाषा बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या शेजारी राहिली आहेत. वस्तूचं नाव बाजारातही मिळतं. सांध्यातला शब्द घरात राहिल्याशिवाय मिळत नाही.

असे किती शब्द आहेत ते बघा. 'हल्ली' हा अरबी 'हाल'वरून, म्हणजे चालू काळ. निजामाच्या रुपयाला 'हाली सिक्का' म्हणायचे तो हाच 'हाली', चालू नाणं. 'अखेर' अरबी. 'जरूर' अरबी. 'बिलकुल' म्हणजे 'सगळ्यासकट'. 'दरम्यान' फारसी, 'मध्यात'. 'सर्रास' म्हणजे 'सरासर', या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'नाहक' म्हणजे हक्क नसताना, आणि 'हकनाक' म्हणजे 'हक-नाहक' एकत्र. 'बेलाशक' तर अजबच आहे, 'शक' म्हणजे शंका, त्याला अरबी नकार 'ला' लावला, वर फारसी नकार 'बे' लावला, आणि तरी अर्थ 'शंका न घेता' हाच. 'शिवाय' अरबी. 'खेरीज' अरबी. 'बस्स झालं' मधला 'बस्स' फारसी.

माझा आवडता 'बरोबर'. फारसीत 'बर' म्हणजे छाती. 'बर-आ-बर' म्हणजे छातीला छाती लावून, खांद्याला खांदा. त्यातून 'सोबत' हा अर्थ आला, 'समान' हा आला, आणि गणिताच्या मास्तरांच्या लाल पेनाने 'अचूक' हाही आला. इंग्रजीतही 'ॲब्रेस्ट' आहे, तोही छातीवरूनच. कोणी कोणाचं घेतलं नाही, दोघांनाही तेच सुचलं.

यादीवाल्यांनी हे सगळे शब्द काढायचे म्हटले तर आपली मराठी बोलायची पंचाईत होईल. आणि मजा म्हणजे ती यादी ज्या मजकुराखाली फिरतेय त्यात शेवटी लिहिलंय, 'हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत जरूर पोचवा'. 'जास्त' अरबी, 'जरूर' अरबी.

आता मधे एक प्रसंग सांगतो. दोनेक वर्षांपूर्वीचा. खुलताबाद तालुक्यातले एक शेतकरी ओळखीने माझ्याकडे आले. हातात निजामकाळातलं खरेदीखत, उर्दूत. साल फसली १३५०. मराठवाड्यातल्या जुन्या कागदावर फसली साल दिसलं तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन निघतो, म्हणजे हे १९४०-४१ चं. भावकीत विहिरीवरून वाद होता. त्यांचं म्हणणं, कागदात जमिनीबरोबर विहिरीतला हिस्साही लिहिलाय असं वडील सांगायचे. पण घरात वाचता येणारं कोणी नाही. मलाही उर्दू वाचता येत नाही. आमच्या छावणीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि एक-एक ओळ वाचत गेले. चतुःसीमा, गट, रक्कम, सिक्का हाली, निम्मी रक्कम. एका शब्दावर बोट ठेवून थांबले. "फ़क़त. इथे कागद संपला." मग त्याच्या खालच्या ओळीवर बोट नेलं. तिथे विहिरीचं लिहिलेलं होतं. ते आमच्याकडे बघून म्हणाले, "ये सतर बाद की है. देखो, स्याहीच अलग है." 

शेतकरी काकांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "म्हंजे इहिरीचं खरं नाही का?" गुरुजी म्हणाले, "खरं-खोटं कोर्ट ठरवेल. मी एवढंच सांगतो, लिहिणाऱ्याने इथे फ़क़त लिहिलंय." काकांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, चहा घेतला आणि गेले. पुढे काय झालं ते त्यांच्या घरातलं आहे, इथे लिहीत नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कारकुनाने टाकलेला एक शब्द अजून पहारा देत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कानात राहिली. 'स्याहीच अलग है.' हा 'च' बघा. हा उर्दू नाही. दिल्ली-लखनऊचा माणूस इथे 'ही' म्हणेल. हा 'च' आपला, मराठीचा. दखनीने मराठीकडून घेतलेला. आपल्या शहरातल्या कुठल्याही चौकात उभे राहा. 'अभीच आया.' 'मैंच बोला था.' 'उधरीच खडा रह.' आणि नको म्हणायचं तर 'नक्को'. तोही आपलाच. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांच्या या शहरात उर्दू कवितेने बाळसं धरलं, आणि त्याच शहरातली बोली आपल्या 'च'वाचून एक वाक्य पुरं करत नाही.

आता 'च' म्हणजे काय? 'एकच', 'तूच', 'इथेच'. म्हणजे तूच आणि दुसरं कोणी नाही. अर्थ बघितला तर तोही 'फक्त'च! आणि हा 'च' किती जुना असेल? बाराव्या शतकात हेमचंद्र नावाच्या जैन आचार्यांनी गुजरातेत बसून प्राकृत व्याकरण लिहिलं. त्यात 'हेच, दुसरं नाही' असा ठसा उमटवणारी जी अव्ययं दिली आहेत त्यांत 'चेअ', 'चिअ' आणि 'च्च' आहेत. 'च्च' वाचल्यावर मला हसूच आलं. महाराष्ट्री प्राकृतातली सगळ्यात प्रसिद्ध गाथासप्तशती सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे, आणि सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, इथून पन्नासेक किलोमीटरवर. अभिजात दर्जा मिळाला तो ज्या जुनेपणाच्या जोरावर, त्यातला एक तुकडा आज शहागंजातला फळवाला उर्दूत वापरतोय.

म्हणजे हिशोब असा झाला. त्यांच्याकडून आपण 'फक्त' घेतला. आपल्याकडून त्यांनी 'च' घेतला. अर्थ दोन्हींचा जवळपास एक. कोणी कोणाला पावती दिली नाही.

आता शुद्धीवाल्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. परक्या शब्दाऐवजी आपला शब्द शोधणं यात काही चूक नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतले 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' आपण सगळे वापरतो आणि चांगले शब्द आहेत ते. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, यांची कहाणी तर दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखी. फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश काढला, मराठीत गझल रुजवली. आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे समर्थक झाले. विद्वान माणूस होता, शब्द कुठून आला ते पूर्ण माहीत असून त्याने भूमिका घेतली. माझा आक्षेप भूमिकेला नाही. शब्द कुठून आला हे न बघता यादी पुढे ढकलण्याला आहे.

आणि सुचवलेले पर्यायही नीट बसतात का बघा. 'मात्र' संस्कृत आहे, मूळ अर्थ माप, 'एवढ्याच मापाचा'. हिंदीत तो चेकवर चालतो. पण मराठीत 'मात्र' बदलला. 'सगळे आले, तो मात्र आला नाही.' आपल्याकडे तो 'पण'च्या जवळ गेलाय. 'रुपये पाचशे मात्र' वाचलं की मराठी माणूस थांबतो, मात्र काय? पुढचं वाक्य कुठाय? ज्या शब्दाने वाक्य बंद करायचं तोच वाक्य उघडतोय. 'केवळ' जास्त जवळचा आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत जायचं झालं तर 'केवलज्ञान' मधला 'केवल' आठवावा, निखळ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. सुंदर शब्द आहे. पण 'केवळ' आपण भाषणात वापरतो, भाजी घेताना नाही. 'केवळ पाव किलो द्या' म्हणून बघा. भाजीवाली वर बघेल.

खेड्यात म्हातारी माणसं 'फकस्त' म्हणतात. ज्यांनी आयुष्यात अरबी अक्षर बघितलं नाही, त्यांनी तो शब्द स्वतःच्या जिभेला बसेल असा वळवून घेतला. याला मी तरी आपला शब्द म्हणतो. मोल्सवर्थने १८३१ च्या कोशात शब्दापुढे त्याचं मूळ अक्षराने नोंदवलं, अरबी, फारसी, संस्कृत. पण कोश मराठीचाच होता. मूळ सांगणं वेगळं आणि घराबाहेर काढणं वेगळं.

आमच्या छावणीचंच घ्या. नावात इंग्रज शिरलाय असं बाहेरच्यांना वाटतं, कारण कॅन्टोन्मेंट. इथे हैदराबाद कंटिन्जन्टची फौज होती, १८५७ च्या जूनमध्ये तिच्या घोडदळाने उठावही केला. पण 'छावणी' हा शब्द जुनाच. छावणं म्हणजे आच्छादणं, शाकारणं. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात मोहीम थांबवून छपरं शाकारून राहायच्या, ती छावणी. आणि 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थ माहितीये? तुर्की भाषेत 'ओर्दू' म्हणजे लष्कराचा तळ. छावणीच. बादशाही तळाची भाषा ती उर्दू. त्याच तुर्की शब्दाचं इंग्रजीत 'होर्ड' झालं, म्हणजे झुंड. मी राहतो त्या मोहल्ल्याचं नाव आणि गुरुजींच्या भाषेचं नाव, दोन्हींचा अर्थ एक.

आता सातबाऱ्याकडे येतो, सुरुवातीला शब्द दिला होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला. शोध हैदराबादपर्यंत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरवरून आणखी शासन निर्णय निघाला. आरक्षणाचा प्रश्न कसा सुटावा यावर ही पोस्ट नाही, त्यावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते राहू द्या. मी पत्रकार म्हणून जे बघितलं ते एवढंच, की नोंदी उर्दूत आणि मोडीत, आणि वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. तहसीलला धूळ खात पडलेले रजिस्टर एका रात्रीत मौल्यवान झाले आणि गावोगाव लोक विचारत फिरायला लागले, "उर्दू वाचणारं कोणी आहे का?" ज्या भाषेचे शब्द यादी करून हाकलायचे होते, तीच वाचायला माणूस शोधत होतो आपण.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याआधी साठेक वर्षं इथल्या कचेरीची भाषा उर्दू होती, आणि त्याआधी फारसी. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची जमीन, इनाम, कर्ज, जात, वारस, सगळं त्या लिपीत. ते कागद मुसलमानांचे नाहीत, आपले आहेत. त्या काळात आपल्याकडचे हिंदू वकील, मास्तर, तलाठी सगळे उर्दूत शिकले. ती पिढी गेली. पुढच्या पिढीने लिपी सोडली. हे समजण्यासारखं होतं, रझाकारांच्या जखमा ताज्या होत्या. पण आज पंचाहत्तर वर्षं उलटून गेल्यावर तरी कागद आणि जखम यांत फरक करायला हवा.

म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली, घरात जुना कागद असेल, लिपी कळत नसेल, तर रद्दीत देऊ नका, लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा.

दुसरी, शिकणाऱ्या पोरांना. मोडीचे वर्ग राज्याचं पुराभिलेख खातं घेतं, शहरात त्यांचं कार्यालयही आहे. उर्दू लिपी तर त्याहून सोपी, मन लावलं तर काही महिन्यांत वाचता येते. मी स्वतः शिकायला बसलोय, गुरुजींकडेच. चाळिशी ओलांडल्यावर 'अलिफ बे' गिरवतोय, पोरगी हसते. पण जिल्ह्यात मोडी आणि उर्दू दोन्ही वाचू शकणारी पंचवीस पोरं तयार झाली तर त्यांना काम कमी पडणार नाही.

तिसरी, लोकप्रतिनिधींना. नोंदी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्या म्हणजे काम संपलं नाही. न वाचता येणारा कागद कपाटात असला काय आणि इंटरनेटवर असला काय, सारखाच. प्रत्येक तालुक्याला एक पगारी वाचक द्या. एका शेतकऱ्याला आपल्याच बापजाद्यांच्या कागदाचा अर्थ कळायला ओळख लावावी लागते, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि यादीबद्दल विचारणाऱ्या माझ्या मित्राला उत्तर. शब्द अरबी जन्माचा, फारसी कचेरीत वाढलेला, मराठी घरात म्हातारा झालेला. त्याने आपल्या किती जमिनी आणि किती रकमा राखल्या असतील याची मोजदाद नाही. तुला 'केवळ' लिहायचं असेल तर लिही, भाषा समृद्धच होईल. पण उद्या चेक लिहिताना हात 'फक्त'कडेच गेला, तर अपराधी वाटून घेऊ नकोस.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर का नाही ते सांगा, भांडू या, पण मराठीतच.